डोनर कोण लागतो

मित्रांनो, मी फार जुना आहे, पण तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही. मला पाय नाहीत, पंख नाहीत. मी एक शब्द आहे. माझं नाव डोनर. कोणी मला तोंडातून काढलं की मी असतो. तोंड मिटलं की कुठेतरी वाट पाहत पडून राहतो.

माझा जन्म तुमच्या साग-मोहाच्या जंगलापासून खूप दूर झाला. कोणे एके काळी एक भाषा होती. ती आता कोणी बोलत नाही. तिच्यात 'देणे' एवढाच अर्थ असलेलं एक इवलंसं मूळ होतं. त्या मुळाला फांद्या फुटल्या. एक फांदी संस्कृतात गेली, तिला दान आणि दाता ही फळं आली. दुसरी ग्रीक लोकांच्या देशात गेली. तिथे 'दोसिस' म्हणजे देणं, आणि त्याचाच पुढे डोस झाला. आशाताई तुमच्या धाकट्या भावंडांच्या तोंडात पोलिओचा डोस घालते ना, तो माझा भाऊबंदच. तिसरी फांदी लॅटिन भाषेत गेली. तिथे देणगीला 'दोनुम' म्हणत. त्या दोनुमचा मी वंशज. रोमहून फ्रान्सात आणि फ्रान्सातून इंग्लंडात मी चालत गेलो. वाटेत माझी दोन-चार अक्षरं झिजली, पण अर्थ तोच राहिला. डोनर म्हणजे देणारा.

इंग्लंडात मी आधी कोर्टात राहायचो. आपली जमीन दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्याला वकील लोक डोनर म्हणत. मान मोठा होता, पण मला तिथे करमत नसे. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्यानं थोडं दिलं, तर त्यात देणं कितीसं?

मग शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात घालण्याची विद्या डॉक्टरांच्या हाती लागली. रक्त देणाऱ्याला काय म्हणावं, असा प्रश्न पडला. त्यांनी मला कोर्टातून उचललं आणि दवाखान्यात आणलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. आता ज्याच्याकडे जमीन नाही, घर नाही, तोही डोनर होऊ शकत होता. त्यानं फक्त बाही वर करायची.

असा मी फिरत फिरत तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात आलो. इथे आधीपासून माझा एक भाऊ होता, रक्तदाता नावाचा. तो दिसायला सुरेख, म्हणून त्याला फलकावर लिहीत. पण लोकांच्या जिभेवर मीच बसलो.

खरं सांगू का? इथल्या जंगलातल्या गावांना माझी गरजच नव्हती. गावाचा तलाव मारला, मासे निघाले, की प्रत्येक घरचा वाटा पडायचा. जी म्हातारी तलावावर येऊच शकली नाही तिच्याही दारात पळसाच्या पानावर मासे पोचायचे. गोंडीत देण्याला 'सियाना' म्हणतात. देणं होतं, घेणं होतं, पण देणारा असा कोणी वेगळा नव्हता. 'हे कोणी दिलं?' असं विचारलं असतं तर लोक हसले असते. ते दिवस आठवले की वाटतं, मी तिथे बिनकामाचा होतो तेच बरं होतं.

पण या मुलखाच्या रक्तात एक दुखणं आहे. सिकलसेल. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. हाडं ठणकतात, डोळे पिवळे पडतात, अंगातलं रक्त आटत जातं. अशा आजाऱ्याला बाहेरून रक्त द्यावं लागतं. म्हणून मला जंगलात यावं लागलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. कॉलेजात शिबिरं भरली. पोरं रांगेनं झोपून रक्त द्यायची, मग केळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन फोटो काढायची. "तू डोनर झाला का?" "मी तं मागच्याच साली झालो." असं एकमेकांना ऐटीत सांगायची. त्यांच्या तोंडी मी गुळासारखा लागत असे. पण शिबिर संपलं की कापडी फलक गुंडाळला जायचा आणि कोणाच्या तरी घरी धानाच्या पोत्यांवर पांघरला जायचा. मग वर्षभर मला कोणी विचारत नसे.

मी उरलो तो दवाखान्यात. तिथे मी गुळासारखा नव्हतो. "डोनर आणा." या दोन शब्दांनी लोकांचे चेहरे कसे उतरत, ते मी रोज पाहत होतो. बोलावलं मला जाई आणि जाग्यावरून उठत कोणीच नसे. भाऊ शेतात असे, मेव्हणा फोन उचलत नसे, शेजारी म्हणे माझंच अंग बरं नाही. देणारा या अर्थाचा शब्द ऐकून लोक पळतात, हे पाहायला मी एवढे देश ओलांडून आलो होतो का?

अशातच मला सोमारी भेटली.

सोमारी ही धानोऱ्याकडच्या एका जंगलगावातली गोंड बाई. धान लावायची, मोहफुलं वेचायची, तेंदूच्या हंगामात पानं तोडायची. नवरा पत्रू, मुकाट माणूस. मुलगी दिव्या, एकुलती एक. दिव्याला सिकलसेल. लहानपणापासून सोमारी तिला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात आणत असे. पहिल्यांदा सिस्टरनं माझं नाव घेतलं तेव्हा सोमारीला ते कळलं नाही. पण विसरलं तर पोरीचं काय, म्हणून सगळ्या वाटेनं ती मला तोंडात घोळवत राहिली. डोनार, डोनार, डोनार. बसमधल्या बाईनं विचारलं, "काय जप करून राह्यली वं बाई?" तर म्हणाली, "देवाचं नाव आहे." त्या दिवसापासून मी तिच्या घरचा झालो. तिच्या जिभेवर बसून मी तिच्या अंगणात गेलो, शेतात गेलो. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

आईबापांचं रक्त दिव्याला चालत नव्हतं. दुखणं दोघांच्याही रक्तात थोडं थोडं होतं, तेच दोन्हीकडून मिळून तिच्यात आलं होतं. ज्यांनी तिला जीव दिला त्यांनाच डोनर होता येईना. इतर लोकांचं रक्त मिळत गेलं, दिव्या मोठी होत गेली. बारावी झाली, शिवणकाम शिकली. बोलायला मोठी तिखट.

आता तिचं लग्न ठरलं होतं. त्याची गोष्ट तुम्हाला नीट सांगायला हवी.

सोमारीच्या माहेरी एक रीत होती. एका घरची लेक दुसऱ्या घरी दिली, की तिच्या पोटची मुलगी पुढे त्या माहेरघरी सून म्हणून आणायची. त्याला ते दूध परत करणं म्हणत. सोमारीचा थोरला भाऊ डोमा. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानंच सोमारीला खांद्यावर घेऊन वाढवली आणि पत्रूच्या घरी दिली. डोमाचा मुलगा सुनिल. तोच दिव्याचा नवरदेव ठरला होता. मामाचं घर, आत्याची पोर. आजाराची पोरगी कोण करणार, असं गाव म्हणत होतं. तेव्हा डोमानं भर बैठकीत सांगितलं होतं, "माह्या बहिणीचं दूध माह्या घरी यीन. दुखणं घेऊन यीन तरी यीन." नात्यातलं लग्न टाळा, असं सिस्टरनं म्हणून पाहिलं. पण सुनिलचं रक्त तपासलं तर त्यात दुखणं अजिबात नव्हतं. मग तीही गप्प बसली.

सुनिल घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर कामाला होता. तो आला की दिव्या त्याला सोडत नसे. "ए कोळशाच्या, आधी तोंड धुऊन ये. लोक म्हणतीन नवरदेव कुठी, नुसते दातच दिसून राह्यले." तो म्हणायचा, "हळद लागली का उजळन मी." ती म्हणायची, "तुले पोतंभर हळद लागन." सोमारी चुलीपुढे बसून हसायची. त्या घरात मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. गावंच्या गावं शेतात उतरली. आणि त्याच दिवसांत दिव्या दुखण्यानं पडली.

या वेळचं पडणं नेहमीसारखं नव्हतं. ताप चढला, डोळे हळदीसारखे झाले, श्वास लागला. पत्रू आणि सोमारीनं तिला दवाखान्यात आणलं. डोमा मागोमाग आला. सुनिल घुग्घुसहून मोटारसायकलवर आला, तोंड न धुता. रक्तपेढीत नीलिमाबाई म्हणून एक तंत्रज्ञ होती, चंद्रपूरची, बोलायला मऊ. तिनं फ्रिजमधल्या पिशव्या एकेक करून दिव्याच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. गट तोच होता, पण जुळेना. वर्षानुवर्षं इतक्या माणसांचं रक्त घेऊन दिव्याचं अंग परक्या रक्ताशी भांडायला शिकलं होतं. दोष कोणाचाच नव्हता.

"बाई, डोनर बघावा लागेल," नीलिमाबाई म्हणाली. "जवळच्या नात्यातला मिळाला तर जुळण्याची आशा जास्त. जितके येतील तितके आणा."

मला हाक मारली गेली. या वेळी एक जण उठला. सुनिल बाही वर करूनच आला होता. नमुना दिला. सकाळी नीलिमाबाई स्वतः वॉर्डात आली. तिच्या तोंडावर हसू होतं. सुनिलचं रक्त जुळलं होतं.

सोमारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मीही सुखावलो, मित्रांनो. माझा अर्थ आता एका माणसाच्या अंगात शिरणार होता.

सुनिल रक्तपेढीच्या दारात गेला. मागे डोमा, त्याच्यामागे सोमारी. नीलिमाबाईनं नेहमीसारखं विचारलं, "डोनर पेशंटचा कोण लागतो?"

सुनिल लाजला. वडिलांसमोर काय सांगणार? त्यानं मान खाली घातली. डोमा काही बोलायला गेला, आणि बोलता बोलता थांबला. त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि म्हणाला, "सुनिल, थांब जरा."

"काऊन, बाबा?"

"थांब म्हटलं ना."

मग तो बहिणीशी गोंडीत बोलला. त्याचं म्हणणं असं. आपल्या घरचं रक्त दिव्याच्या अंगात गेलं, तर ती आपल्या घरची झाली, आपल्या देवाची झाली. एका देवाचे ते सगळे भाऊबंद, मग ती सुनिलची बहीण. बहिणीशी लग्न कोण लावील? दूध परत कसं येईल?

मित्रांनो, डोमाला मूर्ख समजू नका. त्याला पोरीचं वाईट करायचं नव्हतं. उलट तिचं लग्न मोडू नये म्हणूनच तो धडपडत होता. कोण कोणाचा भाऊबंद आणि कोण कोणाचा सोयरा, हे सगळा गाव त्याला विचारायचा. पण रक्त देण्याचा प्रश्न पूर्वजांपुढे कधी आलाच नव्हता. त्याविषयी कोणी काही सांगून ठेवलं नव्हतं. जे माहीत होतं त्याच मापानं त्यानं ही नवी गोष्ट मोजली. दुसरा कोणी म्हातारा असता तर कदाचित वेगळं बोलला असता.

नीलिमाबाईला कळलं तेव्हा ती बाहेर आली. "मामा, रक्तात देव नसतो हो, गोत्र नसतं. नुसत्या पेशी असतात."

"मंग बाई, तुमी नातं काऊन विचारता?" डोमा शांतपणे म्हणाला.

"ते आपलं विचारायची पद्धत आहे."

"आमची बी पद्धतच आहे."

नीलिमाबाईनं सोमारीकडे पाहिलं. "उशीर नका करू, बाई. रक्त काढलं तरी लगेच चढवता येत नाही. तपासायला वेळ जातो."

डोमा म्हणाला, "आम्ही का नाई म्हणून राह्यलो का? पत्रूचे भाऊबंद येऊन राह्यले गावावरून. त्याइच्या देवाचीच पोरगी आहे, त्याइचं रक्त तिले चालन. आज सांजेलोक थांबा फक्त."

सोमारी उभी होती. तिच्या ओठांवर मी आलो होतो. तिनं फक्त म्हणायचं होतं, 'दादा, सुनिलच डोनर.' एवढंच. पण समोर बसला होता तो तिला खांद्यावर घेऊन वाढवणारा भाऊ. त्याच्या शब्दापुढे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मी तिच्या जिभेवर थरथरलो आणि परत घशात गेलो.

सुनिल वॉर्डात दिव्याजवळ जाऊन उभा राहिला. तिला सगळं कळलं होतं. वॉर्डात काय लपतं? नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी ती हसली.

"काय रे, नवरदेव होतो का भाऊ होतो? ठरव लवकर."

"तू काय म्हणते ते."

"भाऊ झाला तं राखीले साडी लागन. झेपन का तुले?"

तो हसला नाही. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तो गेल्यावर दिव्यानं आईचा हात धरला. हात तापलेला होता.

"माय, मामाले सांग. मी जिती राह्यली तं कोणाची बी होईन. भाची होईन, पोरगी होईन. लगन नाई झालं तं बाजारात मशीन टाकून ब्लाउज शिवीन. पण मले राहू दे."

सोमारी म्हणाली, "सांगतो, बाई."

ती बाहेर आली. डोमा फोनवर होता. पत्रूचे भाऊबंद धान अर्धं कापून, विळे बांधावर ठेवून निघाले होते. ट्रॅक्टरनं मोठ्या रस्त्यापर्यंत, मग बसनं. "निंगाले, निंगाले," डोमा आनंदानं म्हणाला. त्याच्या त्या आनंदी तोंडाकडे पाहून सोमारीचा धीर पुन्हा गळाला. तिला वाटलं, येतच आहेत तर येऊ दे. त्यांचं जुळलं तर पोरही राहील, लग्नही राहील, भावाचा शब्दही राहील. मित्रांनो, सगळंच राहावं असं वाटणं यात काय पाप आहे? पण त्या वाटण्यात दुपार गेली.

पत्रू भिंतीला टेकून बसला होता. एकदा फक्त तो बोलला. "डोमाभाऊ, पोरीचा श्वास जोरानं चालून राह्यला." डोमा म्हणाला, "येतेतच ते." ज्या घरून बायको आणली त्या घरच्या वडील माणसाला पत्रू आणखी काय सांगणार?

दिवस कलता कलता भाऊबंद आले. पायांना शेतातला चिखल तसाच होता. एकानेही कारण सांगितलं नाही, एकही मागे सरला नाही. अशी माणसं मी या दवाखान्यात क्वचितच पाहिली होती. एकेकानं हात पुढे केला. नीलिमाबाईची घरी जायची वेळ होऊन गेली होती, तरी ती थांबली. सगळ्यांचे नमुने तिनं जुळवून पाहिले. मग दारात येऊन तिनं मान हलवली.

एकाचंही जुळलं नाही.

डोमानं विचारलं, "पुन्ना पाहा ना, बाई." तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

डोमा बाकावरून उठला नाही. त्याची नजर जमिनीला खिळली होती. माझी खात्री आहे, त्याच्या मनात तेव्हा 'हो' आलं होतं. पण इतक्या भाऊबंदांसमोर, त्यांना शेतातून उठवून आणल्यावर, आपलंच म्हणणं मागे घ्यायला त्याची जीभ उचलेना. माणसाची जीभ कधी कधी दगडापेक्षा जड होते. हे शब्दाइतकं कोणाला ठाऊक?

रात्र त्याच्या 'हो'ची वाट पाहण्यात गेली. सकाळी उजाडताच सोमारी उठली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. सुनिलचं मनगट धरलं आणि चालू लागली. रक्तपेढीच्या दारात डोमा उभा होता. तिनं भावाच्या डोळ्याला डोळा भिडवला. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच.

"दादा, बाजूले हो."

"सोमारी, एकदा गेलं तं वापस यीन नाई."

"मले काई वापस नाई पाहिजे. बाजूले हो तू."

डोमा बाजूला झाला. झटकन झाला. जणू कोणी असं म्हणण्याची तो कालपासून वाटच पाहत होता.

नीलिमाबाईनं त्या दिवशी नातं विचारलं नाही. सुनिल खाटेवर झोपला, मूठ उघडझाप करू लागला. पिशवी भरत गेली. सोमारी दाराशी उभी राहून मला पुटपुटत होती. डोनार, डोनार. पूर्वी बसमध्ये पुटपुटायची तसंच. मी तिच्या ओठांवर जीव मुठीत धरून बसलो होतो, मला जीव असलाच तर.

पिशवी भरली. ती तपासायला गेली. त्या तपासण्या सोडून देता येत नाहीत, नाहीतर एका दुखण्याच्या जागी दुसरंच दुखणं द्यायचं. नीलिमाबाई घाई करत होती, पण यंत्र त्याच्याच गतीनं चालतं.

तपासण्या चालू असतानाच वॉर्डातून पत्रू आला. तो धावत आला नाही. चालत आला. त्यावरूनच सोमारीला कळलं.

मी खूप भाषांतून फिरलो आहे. त्या वेळी सोमारीच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता.

पुढचं थोडंच राहिलं आहे. सुनिल रक्तपेढीच्या पायरीवर बसला होता. दंडाला कापूस चिकटवलेला, हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. नीलिमाबाई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. त्यानं विचारलं, "आता त्याचं काय करान?"

"दुसऱ्या कोणाला तरी देऊ. ज्याला जुळेल त्याला."

"द्या," तो म्हणाला.

डोमानं हे ऐकलं. तो जवळ आला. गेल्या एका दिवसात तो फार म्हातारा झाला होता. बुडता माणूस काडीला धरतो, तसं त्यानं सोमारीला म्हटलं, "म्हंजे तिले गेलं नाई ना? मंग सुनिल सोयराच राह्यला. रीत नाई मोडली, बाई."

सोमारीनं डोकं वर केलं. "कोणाचा सोयरा, दादा? पोरगी कुठी आहे?"

डोमा तिथेच, फरशीवर, बहिणीच्या पायांजवळ बसला. तिनं त्याला उठवलं नाही, आणि दूरही लोटलं नाही.

गावी नेऊन दिव्याला मातीत दिलं. भाऊबंद एका अंगाला उभे राहिले, सोयरे दुसऱ्या अंगाला. त्यांच्यात तसंच असतं, प्रत्येकाची कामं वेगळी. सुनिलला मात्र कोणी काही सांगेना. रक्त दिलं म्हणून तो भाऊ म्हणावा, तर ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. नवरदेव म्हणावा, तर हळद लागली नव्हती. तो दोन्ही रांगांपासून दूर, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा राहिला. सगळे माती टाकून परतले तरी तो तिथेच होता. शेवटी पत्रू, जो कधी बोलत नसे, त्याच्याजवळ गेला, त्याची ओंजळ मातीनं भरली आणि म्हणाला, "टाक. कोणी बी म्हणून टाक."

आता सोमारी मला तोंडातून काढत नाही. तिच्या अंगणात मी उगाच पडून आहे. कधी पाखरं धान टिपायला येतात, ती हुसकते आणि परत भिंतीला टेकते. डोमा तिच्या दारावरून जातो तेव्हा पाय हळू करतो, पण आत येत नाही. नातं दोघांनाही सांभाळायचं होतं. तेच आता दोघांच्या मध्ये उभं आहे.

आणि दवाखान्यात रोज मला हाक मारतात. कोणी येतो, कोणी येत नाही. मी पूर्वीसारखा आशेनं मान वर करत नाही. पुष्कळ पाहिलं. रक्त आहे, माणसं आहेत, मायाही आहे. तरी मधल्या मध्ये काहीतरी अडतं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतं तो निघून जातो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणी तुमच्या दारात येऊन माझं नाव घेईल. त्या वेळी देण्याआधी फार विचारत बसू नका. दिल्यावर आपण त्याचे कोण होऊ, हे नंतर ठरवता येतं. भांडून ठरवा, रडून ठरवा, वर्षं लावा. पण आधी त्याच्या छातीकडे पाहा. ती खाली-वर होते आहे तोवरच मला अर्थ आहे. घेणारा उरला नाही, तर मी नुसता एक आवाज आहे.